नावानिशी मत द्या

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मायकल कारगिल नावाचा बंदूकविक्रेता आहे. माजी सैनिक. मार्च २०१९ मध्ये त्यानं आपल्याकडचे दोन बंप स्टॉक निषेध नोंदवून सरकारजमा केले आणि सरकारला कोर्टात खेचलं. १४ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला.

आपल्याकडे बातमी पोचली ती एवढीच, की अमेरिकेत बंदुकवाल्यांची पुन्हा सरशी झाली. वाचणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पान उलटलं.

इतक्या घाईनं उलटण्यासारखं ते पान नव्हतं. ही भानगड बंदुकीची कमी आणि खासदारांची जास्त आहे.

आधी ती वस्तू नीट पाहू. रायफलचा जो भाग खांद्याला टेकवतात तो दस्ता. नेहमीचा दस्ता काढून त्या जागी बंप स्टॉक बसवायचा. मग रायफल त्याच्या आत पुढेमागे सरकू लागते. बोट एका छोट्या कठड्यावर टेकवून तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं रायफल पुढे रेटत राहायची. गोळी सुटली की धक्क्यानं रायफल मागे येते, रेट्यानं पुन्हा पुढे जाते, चाप बोटावर आपटतो, पुढची गोळी सुटते. बोट हलवावंच लागत नाही. मिनिटाला चारशे ते आठशे गोळ्या, असा या तऱ्हेचा वेग सांगतात.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून एका माणसानं खालच्या संगीत महोत्सवातल्या गर्दीवर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्याला दहा-अकरा मिनिटं पुरली. त्या रात्री ५८ जण गेले, पुढे जखमांनी आणखी दोघं. त्याच्या खोलीत सापडलेल्या अनेक रायफलींना बंप स्टॉक लावलेले होते.

माझं मत स्पष्ट आहे. ही वस्तू कुणालाही विकता कामा नये. शिकारीला तिचा उपयोग नाही, घर राखायला नाही, नेमबाजीच्या स्पर्धेत तर नाहीच.

मग कारगिलची बाजू कशाला घ्यायची?

कारण त्याचा एक प्रश्न बिनतोड आहे. हे ठरवलं कुणी?

दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर नजर ठेवणारं एक केंद्रीय खातं अमेरिकेत आहे. एटीएफ. याच खात्यानं २०१० मध्ये लेखी कळवलं होतं, की बंप स्टॉक हा बंदुकीचा एक सुटा भाग आहे, त्यामुळे बंदूक मशिनगन ठरत नाही. एकदा नव्हे, पुढची कितीतरी वर्षं वेगवेगळ्या उत्पादकांना तशी पत्रं गेली. लोकांनी त्या भरवशावर खरेदी केली. किती? खात्याचाच अंदाज २,८०,००० ते ५,२०,००० नगांचा.

डिसेंबर २०१८ मध्ये त्याच खात्यानं जाहीर केलं, की ही मशिनगन आहे.

नव्वद दिवसांत मोडून टाका किंवा जमा करा. २६ मार्च २०१९ नंतर घरात सापडला तर दहा वर्षांपर्यंत कैद. भरपाई? एक डॉलरही नाही.

मूळ कायदा १९३४ चा. त्यातली मशिनगनची व्याख्या होती तशीच. वस्तूचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता. रात्री कायदेशीर असलेली चीज सकाळी दहा वर्षांच्या तुरुंगाची झाली, ती निव्वळ खात्याचं मत फिरलं म्हणून. बंदूक न आवडणाऱ्यानंही इथं कान टवकारायला हवेत. आज दस्ता आहे, उद्या दुसरं काही असेल.

आणि मत फिरवायला लावलं कुणी? बंदूकद्वेष्ट्या कुणा पुढाऱ्यानं नव्हे. डोनाल्ड ट्रम्प यांनी. बंदूकधारकांनी ज्यांना डोक्यावर घेतलं, त्या ट्रम्प यांनी. फेब्रुवारी २०१८ मध्ये व्हाइट हाउसच्या बैठकीत कॅमेऱ्यांसमोर तर ते म्हणाले होते, की धोकादायक माणसाकडून बंदूक आधी काढून घ्यावी, कायदेशीर प्रक्रियेचं नंतर पाहावं. हेच वाक्य ओबामा बोलले असते तर टेक्सासमध्ये काय झालं असतं, हे वेगळं सांगायला हवं?

दुसरा धक्का घरचाच. नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, ही बंदूकधारकांची सर्वांत बलाढ्य संघटना. लास व्हेगासनंतर चारच दिवसांनी तिनं स्वतःच निवेदन काढलं, की असल्या उपकरणांवर जादा निर्बंध असावेत आणि एटीएफनं ताबडतोब फेरविचार करावा. लक्ष द्या. मागणी संसदेकडे केलेली नाही. खात्याकडे केली.

प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे सभापती पॉल रायन यांनीही हेच सुचवलं, की नियमातून तोडगा काढणं सर्वांत झटपट.

झटपट कुणाला? ज्यांना मत द्यायचं नव्हतं त्यांना.

कारण त्याच महिन्यात सिनेटमध्ये डायन फाइनस्टाइन यांनी बंदीचं विधेयक मांडलेलं होतं. फाइनस्टाइन म्हणजे बंदूकधारकांच्या लेखी पहिल्या क्रमांकाच्या विरोधक. आणि त्याच बजावत होत्या, की खात्याला हा अधिकार नाही, नियम कोर्टात अडकेल, कायदाच करा. म्हणजे बंदुकांच्या सर्वांत कडव्या विरोधक आणि ऑस्टिनचा बंदूक दुकानदार, दोघांचं म्हणणं एकच. दोन टोकांची माणसं एका वाक्यावर येतात तेव्हा मधले गप्प का बसतात?

मधल्यांना निवडणूक लढवायची असते.

विधेयक पुढे सरकलं नाही. नियम आला. पाच वर्षांनी नियम पडला. फाइनस्टाइन यांचं भाकीत खरं ठरलं, ते पाहायला त्या हयात नव्हत्या.

निकालाचे तपशीलही पाहण्यासारखे आहेत. चापाच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या सुटल्या तर मशिनगन, असं १९३४ चा कायदा म्हणतो. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या आतल्या यंत्रणेच्या आकृत्या घातल्या आणि दाखवून दिलं, की इथं प्रत्येक गोळीला चाप नव्यानं हलतो. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी कडक असहमती नोंदवली, की परिणाम मशिनगनचाच आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आकृती खरी आहे आणि लास व्हेगासमधली ६० माणसंही खरी आहेत. पण न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी स्वतंत्र टिपणात मुद्दा थोडक्यात संपवला, की संसद कायदा बदलू शकते.

शिवाय ट्रम्प सरकारनं केलेल्या नियमाचा कोर्टात बचाव केला बायडन सरकारनं आणि तो रद्द करणाऱ्या सहा न्यायमूर्तींपैकी तीन ट्रम्प यांनीच नेमलेले. कोण कुणाचं प्रतिनिधित्व करतंय, याचा पत्ता मतदाराला लागावा तरी कसा?

निकालानंतर चार दिवसांनी सिनेटमध्ये बंदीचं विधेयक पुन्हा आलं. न्यू मेक्सिकोचे मार्टिन हाइनरिक यांचं. हे गृहस्थ स्वतः शिकारी, घरात बंदुका असलेले. एकमतानं मंजूर करू, असा प्रस्ताव होता. नेब्रास्काचे पीट रिकेट्स यांनी हरकत घेतली. एकानं हरकत घेतली की तो मार्ग बंद होतो.

रिकेट्स यांनी निदान उभं राहून नाही म्हटलं. उरलेल्यांचं काय मत होतं? कळायला मार्ग नाही, कारण मतदानच झालं नाही.

आता फ्लोरिडा पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. तिथली विधानसभा रिपब्लिकनांच्या हातात, राज्यपाल रिक स्कॉट रिपब्लिकन. तीन आठवड्यांत त्यांनी कायदा केला. रायफल खरेदीचं वय २१ आणि बंप स्टॉकवर बंदी. आमदारांनी नावानिशी मतं दिली, राज्यपालांनी सही केली. बंदूकधारक संतापले, एनआरए कोर्टात गेली. पण २०२४ च्या निकालानं केंद्राचा नियम कोसळला तेव्हा फ्लोरिडाची बंप स्टॉकबंदी जागची हलली नाही. ती कायद्यानं आलेली होती. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडानंही २०१९ मध्ये विधिमंडळातूनच बंदी आणली. तीही टिकली.

बळी गेलेल्यांच्या घरच्यांना हा हिशेब कुणी समजावून सांगितला असेल का? त्यांच्या नावानं घाईघाईनं केलेला नियम कच्चा होता, हे करणाऱ्यांना कळत होतं. फसवणूक फक्त कारगिलची झाली नाही.

प्रतिनिधित्वाचा खरा धडा मात्र कोलोरॅडोचा. २०१३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं मॅगझिनवर मर्यादा आणली, एका वेळी फार तर १५ गोळ्या. बंदूकधारकांनी सह्या गोळा केल्या आणि दोन आमदारांना परत बोलावण्यासाठी मतदान घ्यायला लावलं. त्यातले जॉन मोर्स हे राज्य सिनेटचे अध्यक्ष, पूर्वाश्रमीचे पोलीसप्रमुख. दुसऱ्या अँजेला हिरोन. १० सप्टेंबर २०१३ रोजी दोघांचीही खुर्ची गेली. त्या राज्याच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

आणि १५ गोळ्यांची मर्यादा? ती कायम राहिली.

मला या प्रसंगात सगळेच आवडतात. मोर्स यांनी परिणाम ठाऊक असून मत दिलं. मतदारांनी राग मतपेटीत ओतला. कुणी खात्याच्या परिपत्रकामागे दडला नाही, कुणी कोर्टाच्या पायऱ्यांवर प्रश्न सोडून पळाला नाही. बंदूकधारक हरले की जिंकले, यावर वाद घाला. पण त्यांना कुणी विचारलंच नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

बाकीच्या ठिकाणी हेच म्हणावं लागतं. पिस्तुलाचा ब्रेस घ्या. हाताला बांधायचा आधार. मुळात तो तयार झाला एका अपंग माजी सैनिकाला एका हातानं पिस्तूल चालवता यावं म्हणून. एटीएफनं २०१२ मध्ये हिरवा कंदील दिला. लाखोंनी विकला गेला. जानेवारी २०२३ मध्ये खात्यानं ठरवलं, की ब्रेस लावलेली बरीचशी पिस्तुलं म्हणजे आखूड नळीच्या रायफली, ३१ मेपर्यंत नोंदणी करा, नाहीतर गुन्हा. असे ब्रेस किती? खात्याच्या अंदाजानं ३० लाख. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या कोर्टानं तोही नियम रद्द केला. तोवर ज्यांनी भीतीनं ब्रेस कापून फेकले, त्यांनी दाद कुणाकडे मागायची?

राज्याची हद्द ओलांडली की गोंधळ आणखी वाढतो. न्यू जर्सीत २०१८ पासून मॅगझिनची मर्यादा दहा गोळ्यांची. डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनियात राज्याची मर्यादाच नाही. दोन्ही काठांवर आपली मराठी मंडळीही राहतात, कुणाकुणाकडे परवान्याचं पिस्तूलही असतं. १५ गोळ्यांचं मॅगझिन गाडीत विसरून पूल ओलांडला की सज्जन माणूस आरोपी. मर्यादा असावी की नसावी, हा वाद होऊ द्या. पण पुलाच्या एका टोकाला गुन्हा आणि दुसऱ्या टोकाला नाही, यावर देशाच्या संसदेला काहीच म्हणायचं नाही?

मग बंदूकधारकांच्या वतीनं बोलतं कोण? प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे. म्हणजे जवळपास तिघांत एक. त्यात शेतकरी आहेत, रात्रपाळीच्या नर्स आहेत, कृष्णवर्णीय आहेत, डेमोक्रॅटही आहेत. प्यूच्याच २०१७ च्या पाहणीत बंदूकधारकांपैकी पाचांत जेमतेम एकानं आपण एनआरएचे सदस्य असल्याचं सांगितलं होतं. आणि वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यांचा आवाज म्हणून खुर्ची मिळाली ती एनआरएला.

त्या खुर्चीवर तीस वर्षं वेन लापिएर बसले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं ठरवलं, की त्यांनी संघटनेचा पैसा गैरवापरला, ४० लाखांहून अधिक डॉलर परत करावेत. खासगी विमानं, महागडे सूट, बहामाच्या सहली हे सगळं खटल्यात निघालं. तो पैसा आयोवातल्या कुणा शेतकऱ्याच्या वर्गणीचा होता.

२०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसानं गाडी अडवून गोळ्या घातल्या. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. जवळ बंदूक असल्याचं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. परवानाधारकाच्या हक्काचा याहून सरळ प्रश्न कोणता? त्यावर एनआरएचं निवेदन उशिरा आलं, आणि आलं तेही कॅस्टिलचं नाव न घेता.

आता चेंडू बंदूकधारकांच्या अंगणातही टाकायला हवा. खात्यानं लेखणीच्या फटकाऱ्यानं बंदी घातली की त्यांना हुकूमशाही दिसते. बरोबर दिसते. पण मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानं जलद गोळीबार करू देणाऱ्या एका चापाबाबत उत्पादकाशी तडजोड केली आणि काल मशिनगन ठरवलेली वस्तू आज परत मिळू लागली, तेव्हा टाळ्या वाजल्या. लेखणी तीच होती. सरकार बदललं की ती पुन्हा उलटी चालणार नाही, याची हमी कुणी दिली?

सायलेन्सरचीही तीच कथा. १९३४ पासून त्याच्यावर २०० डॉलर कर आणि केंद्राकडे नोंदणी. बंदूकधारकांचं म्हणणं, की त्यानं आवाज नाहीसा होत नाही, कमी होतो, कान वाचतात. यात बरंच तथ्य आहे. २०२५ च्या मोठ्या अर्थविधेयकात प्रतिनिधीगृहानं सायलेन्सर त्या कायद्यातून काढलासुद्धा. सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी सांगितलं, की हे अर्थविधेयकात बसत नाही. शेवटी १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला आणि नोंदणी राहिली. स्वतंत्र विधेयक आणून, चर्चा करून, मतं मोजून हे का झालं नाही? हजार पानांच्या गठ्ठ्यात कलम सरकवलं की कुणालाही त्याचं उत्तर द्यावं लागत नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे शासन निर्णय आणि परिपत्रकांवर अर्धं राज्य चालतं. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरी बरेच आहेत. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्याचा निरोप येतो, बंदूक जमा करा. विधानसभेची निवडणूक नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भात कापणीला आलेलं असतं तेव्हा. रानडुक्कर मतमोजणीपर्यंत थांबत नाही. सरसकट जमा करू नका, ज्याची त्याची छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं बजावलेलं आहे. त्यासाठी जिल्ह्यात समिती असते. तरी दर निवडणुकीला तीच ओरड असते. या शेतकऱ्यासाठी विधानसभेत कोण उभं राहतं?

आपल्याकडे एकदा बरं घडलं, तेही सांगायला हवं. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीत आधी प्रत्येकी तीन बंदुकांची मर्यादा एकवर आणायचं ठरलं होतं. पंजाबातून विरोध झाला, गाऱ्हाणी दिल्लीपर्यंत गेली. डिसेंबरात लोकसभेत विधेयक मंजूर झालं तेव्हा एकच्या दोन झाल्या होत्या. नेमबाजांना वेगळी सवलत राहिली आणि जादा बंदूक जमा करायला एक वर्षाची मुदत मिळाली. कुणी खूश, कुणी नाखूश. पण परवानाधारकाला सकाळी उठून आपण रात्रीत गुन्हेगार झाल्याचं कळलं नाही.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानंही एकदा हिंमत केली. जून २०२२ मध्ये, टेक्सासच्या युवाल्डीतल्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर, बंप स्टॉक आणि मोठी मॅगझिनं यांच्यावरच्या निर्बंधांसह एक विधेयक २२३ विरुद्ध २०४ मतांनी मंजूर झालं. कोण कुठल्या बाजूला होतं, ते प्रत्येक मतदाराला नावानिशी पाहता येतं. कारगिललाही, लास व्हेगासमध्ये मुलगी गमावलेल्या आईलाही.

ते विधेयक सिनेटकडे गेलं. सिनेटमध्ये शंभर जण बसतात. त्यावर मतदान झालंच नाही.